कल्लप्पाच्या साठ तुळशी

…न्हाय, पण मला एक सांगा, माशीनं माणसाची इज्जत घालवावी म्हंजे किती घालवावी? आणि माशी तरी केवढी, तर तांदळाच्या दाण्याएवढी. आमचा कुंभारी गावचा कल्लप्पा, तीस वर्षं एस्टीत कंडक्टर, एका पासिंजरनं कधी त्याच्यापुढं आवाज चढवला न्हाय. रिटायर झाला आणि घरामागं चाळीस झाडं पेरूची लावली. पहिला बहार आला, तवाच अक्कलकोटवरनं लेकीच्या सासूबाई आल्या, श्रीदेवीबाई. ह्यानं सोता पेरू निवडला, धुतला, फोडी केल्या, तिखटमीठ लावून पुढं धरल्या. बाईंनी फोड तोंडापाशी नेली आणि फोडीतनं एक पांढरी आळी मान वर करून बघायला लागली की बाईंकडं. बाईंनी फोड हळूच खाली ठेवली. म्हणाल्या, "भाऊ, आमी शाकाहारी."

तुमाला सांगतो, शेजारचा रावसाहेब तितंच बसलेला. त्याची बी पेरूचीच बाग, बांधाला बांध. तो सांजेला पारावर सगळ्यांना सांगत होता, "कल्लण्णाच्या पेरूत बी कमी आणि जीव जास्त."

झालं. कल्लप्पा म्हणाला, ह्या माशीचा निर्वंश करतो. आणि कल्लप्पाला एकदा लागलं की लागलं.

गेला कृषी सहायक शुभदा मॅडमकडं. मॅडमनी नीट समजावलं. "काका, ही फळमाशी. मादी पिकत्या पेरूच्या वासावर येते, सालीत अंडी घालते, त्याची आळी होते. नराला मात्र वेगळाच एक वास ओढतो. त्या वासाचा बोळा औषध लावून सापळ्यात टांगायचा, नर आत जातो, मरतो. नरच नाही राहिला तर मादीची अंडी फुकट." आणि बोलता बोलता म्हणाल्या, "तुळशीतसुद्धा असतो तो वास." आता एवढ्या बोलण्यातनं कल्लप्पाच्या कानात काय शिरलं असंल? फक्त तुळस. त्यानं काय हिशेब लावला, तर तुळस लावायची रावसाहेबाच्या बांधाला, म्हंजे माशी सगळी तिकडं, आळी त्याच्या पेरूत, आणि मग पारावर बोलायची पाळी कल्लप्पाची. एका दगडात दोन पक्षी.

साठ रोपं आणली. निंगव्वा, त्याची बायको, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अवो, एका तुळशीचं लगीन लावताना माझी कंबर मोडती. साठांची कोण लावणार?" पण ऐकतोय कोण? त्याला लागलं होतं न्हवं.

तुळशी वाढल्या आणि माशा आल्या, लई आल्या. पानापानावर बसून चाटायच्या. कल्लप्पा रोज सकाळी खुर्ची टाकून बघायचा, आणि मनात म्हणायचा, चाटा, चाटा आणि जावा तिकडं. रावसाहेब पलीकडनं म्हणायचा, "कल्लण्णा, भक्तीला लागलास व्हय? बरं केलंस, वय झालं."

आणि पुढच्या बहाराला काय व्हावं? पेरू फोडला की आळी. दुसरा फोडला, आळी. पहिल्या बहारात चारातला एक नासका होता, आता चारातला एक चांगला. मॅडम आल्या, बांध बघितला, पदर तोंडाला लावला. "काका, सापळा कुठाय?"

"तुळस हाय की."

"अहो, तुळशीनं नर येतो, पण मरत नाही. तो वास चाटून जातो, आणि तो वास ज्याच्या अंगात गेला तो नर माद्यांना जास्त आवडतो. तुम्ही दोन महिने त्यांना अत्तर लावून लग्नाला पाठवत होता."

कल्लप्पानं हिशेब मांडला. म्हंजे साठ तुळशींची लगनं न्हाय लावली, पण हजारो माशांची लावली, ती बी सोताच्या मांडवात. उपटायला गेला तर निंगव्वा आडवी. "तुळशीला उपटून टाकताय? हात लावून बघा." शेवटी तिनंच रोपं मुळासकट काढून, पोत्यात घालून, शहरात शुक्रवार पेठेत बहिणीच्या गल्लीत घरोघर वाटली.

मग टांगले सापळे. रोज सकाळी मेलेल्या माशा कागदावर ओतून कल्लप्पा बघत बसायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा न्हाय. तरी पेरवात आळी. मॅडम म्हणाल्या, "माशीला बांध कळत नाही, काका. शेजारी खाली पडलेली फळं तशीच कुजतायत. रावसाहेबांनी सापळे लावले तरच उपयोग."

आता बोला. ज्याचा सूड घ्यायचा त्याच्याच दारात हात जोडून जायचं? तीन दिवस कल्लप्पा फाटकापर्यंत जाऊन परत आला. चौथ्या दिवशी आत गेला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं, तुळशीसकट. रावसाहेबानं झाडाचा एक पेरू तोडला, फोडून पुढं धरला. मग म्हणाला, "माझ्या बी पेरवात आळी हाय, कल्लण्णा. पयल्या सालापासनं. मीच कुणाला दाखवली न्हाय. आधी सांगायचं की."

दोघांनी मिळून सापळे टांगले, पडलेली फळं खड्डा काढून पुरली. औंदा दोघांचे बी पेरू साफ हायत. पण सापळे बघायचे म्हणून रावसाहेब रोज सकाळी सातला येतो. सापळा दोन मिनिटं बघतो आणि दहापर्यंत वट्ट्यावरनं हलत न्हाय. कल्लप्पानं परवा मॅडमना हळूच विचारलं, ह्यो कुटल्या वासावर येतो, काय औषध हाय का?

मॅडम म्हणाल्या, "तो वास तर तुमच्याच घरातनं येतो, काका. आलं घालून उकळता ते बंद करा."

आता कसं बंद करायचं? चहा कल्लप्पाला बी लागतोच की.