परशुरामकाकांच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

अरे, नंदिगड्डे गावच्या परशुरामकाकांचा कॉम्प्युटर सुरूच होईना, आणि लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. कॉम्प्युटरसोबत आलेली मूळ सीडी हरवलेली. त्यांनी मला दुरुस्तीला बोलावलं. मी म्हटलं, "काका, सीडीबिगर जमतंय, आतच दुरुस्तीची सोय हाय."

पण त्या सोयीनं पासवर्ड मागितला. तो लेकीनं कॉलेजात असताना घातलेला. काकांनी तिला सासरी फोन लावला, तोही स्पीकरवर.

"बाबा, फोन दुरुस्तीवाल्याकडं द्या की."

"मलाच सांग!"

ती हळूच म्हणाली, "संतोष."

म्हणजे जावयाचंच नाव! मी ते टाकलं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. फोटो सगळे शाबूत.

काका मात्र फोटोंकडं बघेनातच. मला म्हणाले, "व्हय रे, हे स्थळ तर औंदा मी शोधलं न्हवं?"