बिनसाखरेचा चहा

नाही हो, उठू नका, बसा—ही पिशवी माझीच, घेते मांडीवर. फक्त त्या टोकाला सरकू नका, तिथं कुणीतरी थुंकून ठेवलंय. आणि कुठं, बघा ना—'थुंकू नये' लिहिलेल्या पाटीच्या बरोबर खाली! शी! आणि तो मोरीचा वास... शिपायाला म्हटलं दार तरी लाव, तर म्हणतो कडी तुटलीय. कोर्टाच्या मोरीला कडी नाही आणि आत न्याय चाललाय. तुम्हीपण याच दारासमोर? नवऱ्याची तारीख? असं होय. जागेचं भांडण असणार, नाहीतर भाऊबंदकी—बरं बरं, नाही विचारत. तुम्ही कमी बोलणाऱ्या दिसता. मला नाही जमत ते. त्यात आज तोंड बंद ठेवायला सांगितलंय ना मला, म्हणून आणखीनच नाही जमत.

कुणी म्हणजे? वकिलानं. भाच्याची केस आहे आमच्या—तो बघा, खांबाला टेकून उभा आहे, पांढरा शर्ट, नखं खातोय—तो आमचा चिकू. धाकट्या भावाचा मुलगा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. पलीकडं वकिलाशी कुजबुजतोय तो त्याचा बाप, माझा भाऊ. दिसतोय की नाही अगदी गरीब गाय? शर्ट वकिलानं घ्यायला लावला, केस वकिलानं कापायला लावले, मान खाली कशी घालायची तेसुद्धा त्यानंच शिकवलं. आणि हीच गरीब गाय त्या दिवशी भर दुपारी कॉलेजच्या मैदानामागं मित्रांच्यात बाटली तोंडाला लावून बसली होती. कायद्यानं पिण्याचं वय झालेलं नाही, पण साहेब बसले! रखवालदार ओरडत आला तसे मित्र पसार. आमच्या साहेबांना पळायचं सोडा, उठता येईना. पोलीस आला, यांना बखोटीला धरून उभं केलं, आणि यांनी त्याच्या बुटांवर—हो, बुटांवरच. सगळं. सकाळच्या नाश्त्यासकट.

मला ओकारीची किळस नाही हं, गैरसमज नको. उभा जन्म हॉस्पिटलात गेला माझा, नर्स होते मी. त्याचे ते कपडे मीच धुतले, त्याच्या आईनं नाक दाबून दारात फेकले होते. ते काय, दोन पाण्यानं जातं. पण पुढं घरात जे सुरू झालं ना, ते बघून मला जेवण जाईना. कॉलेजनं परीक्षेला बसू द्यायचं नाही म्हणून सांगितलं, गाडीचं लायसन काढून घेतलं, आणि पोलिसांकडं नाव लागलं म्हणजे नोकरीला गेला की पहिला प्रश्न हाच—तुमच्यावर कधी गुन्हा होता का? त्याची आई ऊर बडवून घेते. भाऊ येरझाऱ्या घालतो. मी म्हटलं, अरे, केलंय ना त्यानं? मग भोगू दे थोडं, मैदान झाडायला लावतील, झाडेल! तर म्हणे ताई, तू गप्प बस. आणि मग आला हा वकील. पायातले बूट काढले नाहीत, सोफ्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला—पोरानं विकणाऱ्याचं नाव सांगितलं तर पोरगा गुन्हेगार नाही, पोरगा बिचारा. समज देतील आणि सोडतील. झालं! एका मिनिटात चिकूला आठवलं. कॉलेजच्या कोपऱ्यावरचा दारूवाला.

तुम्हाला पाणी हवंय का? नको? चेहरा उतरलाय तुमचा. हा वास आहेच तसा, रुमाल धरा नाकाला.

तर तो दारूवाला. अहो, पोरांना विकतो हे तर झालंच, पण पुढचं ऐका—ती बाटली तपासायला पाठवली, तर दारूत काय निघालं असेल? चहा! हसू नका... नाही हसत तुम्ही, बरोबर आहे, हसण्यासारखं नाहीच. चहाचं पाणी मिसळलेलं. दूध नाही, साखर नाही, नुसता कोरा चहा. म्हणजे एक तर लेकरांना विष विकायचं, आणि तेही भेसळ करून! मेल्याला लाज कशी नाही वाटत? आता दुकानाला सील ठोकलंय, आणि वकील खूश—भेसळ निघाली म्हणजे तो आत जाणार, नक्की जाणार म्हणतो. जाऊ दे. असल्या माणसाच्या घरी बायकामुलं कशी राहत असतील त्याच्याबरोबर, मला तर—

काय झालं? शिपायानं नाव पुकारलं का? नाही ना. मग बसा.

मला कशाला आणलंय म्हणाल, तर साक्षीला. पांढरे केस, निवृत्त नर्स—जजसाहेबांचा विश्वास बसतो म्हणे अशा बाईवर. वाक्यं पाठ करून घेतलीत माझ्याकडून, शाळेतल्या पोरीसारखी. आमच्या घरात दारू येत नाही. माझा भाऊ पीत नाही. परत म्हणा, ताई. आमच्या घरात दारू येत नाही. भाऊ शाळेचा हेडमास्तर आहे ना—घरात बाटली होती आणि ती पोराच्या हाताला लागेल अशी ठेवली होती, असं निघालं तर बापावरच केस. मग शाळा गेली, मान गेला. आणि मी राहते त्याच्या घरात, मला दुसरं कोण आहे?

पीत नाही! डोंबल. माळ्यावर, जुन्या बॅगेमागं ठेवतो. सकाळी पोरांना सुविचार सांगायचा आणि संध्याकाळी स्टूल लावून माळ्यावर चढायचं. शिसारी येते मला त्या स्टुलाची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय त्याला, लिव्हर गेलंय, बंद करा. ऐकतो? बायको काही बोलत नाही, घाबरते. मग मीच उपाय काढला—तुम्ही म्हणून सांगते, कुणाला बोलू नका—पेशंटला न कळता औषध द्यायची सवय असते आम्हाला. तो शाळेत गेला की मी स्टुलावर चढायची, थोडी दारू मोरीत ओतायची आणि तेवढंच त्यात भरायचं. नुसतं पाणी घातलं तर रंग उतरतो, कळतं. म्हणून रंग जुळेपर्यंत उकळायचा, गाळायचा, गार करायचा आणि मग ओतायचा. हळूहळू वाढवत नेलं. आणि गंमत सांगू, तो तरीही झिंगायचा! अर्ध्या बाटलीत तर माझाच कोरा—

कोरा चहा.

नाही, म्हणजे... तसं नाही हो. चहा काय, कुणीही घालेल. दुकानदारसुद्धा घालेल. घालत असतील ना? रंगासाठी? आमची बाटली तर संपली होती. भावानंच संपवली. तो म्हणाला, ताई, तू फेकलीस—मी म्हटलं मी कशाला फेकू, मी तर कालच भर... तेव्हा आठवडा कुठला होता? चिकूचे कपडे वाळत होते. मी दोरीवरनं चिकूचे कपडे काढत होते आणि तो विचारत होता, ताई, माळ्यावरची बाटली कुठं गेली.

साखर नाही. दूध नाही.

अशा का बघताय माझ्याकडं? मघाशी काय म्हणालात तुम्ही, नवऱ्याची तारीख? काय करतात तुमचे... नको. नका सांगू.

सांगा.

कुठल्या कोपऱ्यावर?

अगं आई गं. आणि मी तुमच्या तोंडावर त्यांना मेला म्हटलं. बायकामुलं कशी राहत असतील म्हटलं. आणि तुम्ही ऐकत बसलात! उठून एक थोबाडीत तरी ठेवून द्यायची माझ्या. रडू नका. नाही, रडा, तुम्हाला हक्क आहे, पण माझा हात सोडा बाई, मी कुठं पळून जात नाही. या गुडघ्यांनी जाणार तरी कुठं?

चिकू! इकडं ये. पाणी नको मला, ठेव तिथं. माझ्याकडं बघ. मैदानामागं प्यालास ती—चव कशी होती रे? बापाकडं काय बघतोस, मी तुला विचारतेय. आत्या आत्या करू नकोस. चव कशी होती? कडवट? नेहमीच्यापेक्षा पाणचट? मित्र हसले होते ना, हे काय आणलंस म्हणून? माळ्यावरच्या बॅगेमागनंच काढलीस ना?

घातलीस मान खाली. ही मात्र वकिलानं शिकवलेली नाही. ही तुझी स्वतःची आहे. तोंडभर ओकलास तेव्हासुद्धा मला तुझी एवढी घाण वाटली नव्हती. ही बाई बघ. नीट बघ. यांच्या नवऱ्याला तू तुरुंगात पाठवत होतास, परीक्षेला बसायचं म्हणून. आणि मी तुला साथ द्यायला आले होते, पांढरे केस विंचरून.

आले हो, ऐकू येतंय, दोनदा पुकारायला नको! चला बाई, तुम्हीपण आत चला, ऐकायला हवं तुम्ही. चिकू, बापाला सांग, घरी गेलास की माझी ट्रंक दारात काढून ठेव म्हणावं, तुमच्या घरात पाय ठेवायचा नाही मला. आणि ते वाक्य मी म्हणणार आहे हं, काळजी करू नका. आमच्या घरात दारू येत नाही. असतेच ती.

शू, हेडमास्तर. एक शब्द नको. हात लावू नकोस मला. सर बाजूला.