कोरडा फ्लास्क

भाऊ : पण ताई, चाचणीत तेल गार असताना तर एका थेंबात रंग बदलला. मी मागच्या खुर्चीवरून पाहिलं ना. जांभळ्याचा हिरवट-निळा.

ताई : बदलणारच. गार असताना एका जातीचं आम्ल सापडतं, ते तुझ्या तेलात नाही. दुसऱ्या जातीचं गरम केल्यावरच सापडतं. ते असलं की पडेल तो थेंब खाऊन टाकतं, रंग बदलू देत नाही; शुद्ध तेलात ते नसतंच. जुन्या पद्धतीत दोन्हींचा मिळून एकच आकडा यायचा. म्हणून तर ही नवी बसवली.

भाऊ : मग गरम केल्यावर परत जांभळा का झाला?

ताई : ते तू सांग. ब्युरेटमधून थेंबामागून थेंब जातोय आणि रंग ढिम्म. पद्धत मंजूर करायला आलेले सगळे पाहुणे माना पुढे काढून बघतायत. शुद्ध तेल म्हणून मी तोऱ्यात माझ्या सख्ख्या भावाच्या घाण्याचं घेतलं होतं. काय मिसळलंस?

भाऊ : ...सावरीच्या बियांचं. थोडंसंच गं.

ताई : थोडंसं म्हणजे?

भाऊ : पिंपामागे दोन बादल्या. यंदा घाण्याला आलेलं बी पोचट निघालं. आणि बाजारात कोण मिसळत नाही?

ताई : आईला हेच तेल देतोस?

भाऊ : छे! तिचं वेगळं काढून ठेवतो.

ताई : म्हणजे तुला कळत होतं.

भाऊ : नको ना अशी बघूस. ...माझं नाव घेतलं नाहीस, उपकार झाले.

ताई : उपकार कसले? फ्लास्क ओला राहिला असेल, म्हणाले मी. ओल असली की ही चाचणी बिघडते, हे आत सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे वळून फ्लास्क धुणाऱ्या मावशींकडे बघायला लागले.

भाऊ : मग आता चहा झाल्यावर दुसरं तेल घे. तुझी पद्धत मंजूर होईल, माझा धंदा राहील. कुणाला कळणार आहे?

ताई : पद्धत चुकली नव्हती रे. तिनं बरोबर पकडलं, आणि मीच तिला खोटं पाडलं. तिला आणि मावशींना.

भाऊ : ताई, घाणा बंद पडेल.

ताई : हो. पडेल.

मावशी : (दारातून) बाई, हा बघा फ्लास्क. पुन्हा धुतला, ओव्हनमध्ये चांगला वाळवला. मघाशी माझ्यामुळे चार लोकांत तुमची मान खाली गेली. कसा राहिला ओला, देव जाणे. मला तर कोरडाच वाटला होता.

ताई : कोरडाच होता, मावशी. ठेवा तो खाली आणि माझ्याबरोबर आत चला.