दिलीपचा व्हॉल्व्हवाला अँप

जळणं म्हणजे काय, ते मला विचारा! भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आमच्या ऑर्केस्ट्रातल्या दिलीपला गिटारचा जुना, रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हवाला अँप मिळाला. काय घुमायचा! त्यापुढे माझा अँप म्हणजे पत्र्याचा डबा. पण यार्डात शंटिंग सुरू झालं, की दिलीपच्या अँपमधून ढगासारखा गडगडाट यायचा. व्हॉल्व्ह बदलले तरी तेच. ऑर्केस्ट्रातली दुरुस्ती माझ्याकडेच, म्हणून शेवटी त्यानं मला बोलावलं. उघडून पाहिलं तर आवाज घुमवणाऱ्या लांब स्प्रिंगा होत्या. वॅगन धडकल्या, की त्या थरथरायच्या.

मी म्हटलं, "भो, यार्डाजवळ हा चालायचाच नाही. मला विकून टाक."

"छे भो! मी क्वार्टरच बदलून घेतो."

आणि घेतलं की! यार्डापासून लांब, माझ्याच भिंतीला लागून. आता रोज संध्याकाळी अँप गडगडत नाही. नुसता घुमतो!