कानामागचा रंग

फोटोवाला : काकू, एकदा नीट सांगा. आत्ता तुम्हा दोघांचा काढला त्या फोटोत डाग कोणता धरू आणि कातडी कोणती?

मुलगा : पांढरं ते डाग. सरळ आहे.

आई : सरळ नाही. तू शाळेत होतास तेव्हा सरळ होतं. माझ्या सावळ्या अंगावर पांढरे डाग होते. आज चेहरा, गळा, दोन्ही हात पांढरे आहेत आणि सावळेपणा गालावर बोटभर उरला आहे. ज्याचं बहुमत ती कातडी. उरेल तो डाग. डागच पुसायचा असेल, तर गालावरचा तो सावळा पुसा आणि मोकळे व्हा.

मुलगा : आई, इथे निवडणूक नाहीये. दादा, तिला पहिल्यासारखी करा. या आठवड्यात मी परदेशी चाललोय, फोटो बरोबर न्यायचाय.

फोटोवाला : पहिल्यासारखी म्हणजे कुठल्या रंगाची? जुना फोटो आणलाय?

मुलगा : हा घ्या.

फोटोवाला : हा तर पार नारिंगी पडलाय. भिंत नारिंगी, काकू नारिंगी, मांजरसुद्धा नारिंगी.

आई : मांजर नारिंगीच होतं.

फोटोवाला : मग अंगावर जुना रंग कुठे धड शिल्लक असेल, तर तिथून उचलता येईल.

आई : कानामागे आहे. कुणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून टिकला असावा.

फोटोवाला : मान वळवा. हं, घेतला फोटो. आता हा रंग उचलला, चेहऱ्यावर त्याचा थर टाकला. कपाळ... नाक... हनुवटी...

(पडद्यावर आईचा चेहरा सावळा होतो.)

आई : ही कोण म्हणायची?

मुलगा : तू आहेस, आई.

आई : मला तुझी मावशी वाटली. तीही फोटोत असंच तोंड करते, उसनं नेलेलं परत मागतील की काय, असं.

फोटोवाला : रंग जरा थंड आलाय. कानामागे ऊन लागत नाही ना; तो पसरला की अख्खा चेहराच कानामागचा दिसतो. थोडी ऊब चढवतो.

मुलगा : चढवा.

आई : मुलाला माझी आठवण न्यायची आहे, आणि तुम्ही ती माझ्या कानामागून काढताय.

मुलगा : मी लहान होतो तेव्हा तू अशीच दिसायचीस. मला तीच हवीये. यात काय चुकलं?

आई : चुकलं काही नाही. पण विमानतळावर तुला पोचवायला ती येणार नाही, मी येणार आहे. रविवारी फोनवरही मीच दिसणार. भिंतीवर एक आणि फोनवर दुसरी. लोक विचारतील, तुला आया किती?

मुलगा : कुणी विचारणार नाही.

आई : विचारलं तर लाज वाटेल?

मुलगा : लाजेचा प्रश्नच नाहीये.

आई : मग कशाचा आहे?

मुलगा : दादा, अजून किती वेळ?

फोटोवाला : झालंच. हातासरशी तुमचंही करून टाकलं.

मुलगा : माझं? माझं काय केलंत?

फोटोवाला : काकूंच्या खांद्यावर हात ठेवलाय ना तुम्ही, बाही वर सरकलीये. मनगटावर पांढरे ठिपके होते, ते बुजवले.

मुलगा : उजेड पडला असेल.

फोटोवाला : उजेड या बाजूने होता, साहेब. मनगट तर त्या...

आई : राहू द्या हो. उजेड म्हणतोय ना तो.

फोटोवाला : बरं.

आई : कधीपासून?

मुलगा : नोकरीचं पत्र आलं, त्याच सुमारास.

आई : डॉक्टर काय म्हणाले?

मुलगा : पसरेल, किंवा नाही पसरणार.

आई : मलाही हेच सांगितलं होतं. या एका बाबतीत शास्त्र अगदी स्थिर आहे.

मुलगा : तुला सांगितलं असतं, तर स्वतःला दोष देत बसली असतीस.

आई : बसले असते. मला वेळ आहे.

मुलगा : तिकडे एकट्याने, रोज उठून, भिंतीवर माझं पुढचं बघायचं नव्हतं गं मला. एवढंच.

आई : इतकं वाईट आहे का ते पुढचं? मी रोज आरशात बघते. पहिला डाग दंडावर आला, तेव्हा भर उन्हाळ्यात मी लांब बाह्या घालून हिंडायचे. अंगभर घामोळं उठलं, आणि लोक त्या घामोळ्याचीच चौकशी करू लागले. तू कडेवर असायचास. तुझ्या लाळेने बाही ओली व्हायची, म्हणून एक दिवस वर सारली. ती पुन्हा खाली केली नाही.

मुलगा : हे कधी बोलली नाहीस.

आई : तूही कुठे बोललास?

फोटोवाला : मग... छापू का हा?

मुलगा : नको. थर काढा.

फोटोवाला : काकूंचा?

मुलगा : दोघांचेही.

फोटोवाला : मनगटावरचाही?

मुलगा : दोघांचेही म्हणालो ना.

फोटोवाला : काढले. म्हणजे आल्यापासून मी काहीच केलं नाही, असं झालं.

आई : तुम्ही पुष्कळ केलंत. आणि तू रे, मनगटाला मलम लावत जा. पांढऱ्या कातडीला ऊन पटकन चावतं.

मुलगा : तिकडे फारसं ऊन नसतं, आई.

आई : नसतं का? मग तुझ्या जाण्यातलं एवढं एक मला पटलं.