आधी दहा मिनिटं उकळायचा

"हॅलो?… हां, बोल चिमे… कामात कसली, आत्ताच दुकानातून आले… हो, जेवले… जेवले म्हणते ना."

ती जेवली नव्हती. पण धाकट्या बहिणीला थाप मारणं सोपं होतं आणि ताट वाढून घेणं अवघड. चष्म्याच्या दुकानात दिवसभर 'आता नीट दिसतंय का?' असं विचारून ती घरी यायची, तेव्हा कुणाला आणखी काही विचारायचं त्राणच उरलेलं नसायचं.

"स्लो कुकर घेतलास? बरं केलंस… एकाच दिवशी दोन मॅचेस आणि एक शर्यत?… हो, हो… अगं ऐक ना, माझ्याकडे तरी काय वेगळं आहे? थोरलीचं बास्केटबॉल, धाकटीचं पोहणं. सकाळी सातला बाहेर, संध्याकाळी सातला घरी. पोरी दारातूनच 'भूक भूक' करत आत येतात."

तिच्या घरात शनिवारचा स्वयंपाक हे नवऱ्याचं खातं होतं. सकाळी सगळं त्या चिनी मातीच्या भांड्यात भरायचं, बटण फिरवायचं आणि पोरींना गाडीत घालून मैदान गाठायचं. त्या कुकरला ती 'माझी सवत' म्हणायची. अडीच महिन्यांपूर्वी नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता तो खिडकीपाशी खुर्चीत बसून असायचा, ती बाहेर असली की सोबतीला एक बाई यायची, आणि सवत हिच्या गळ्यात पडली होती.

"भावोजींची रेसिपी?… सांगते. लिहून घे. तळाला बटाटे आणि गाजरं… तळालाच गं, त्यांना शिजायला वेळ लागतो. वर कांदा, टोमॅटो, मग चिकन… पाणी अर्धी वाटी, जास्त नको, भाज्यांना सुटतंच… आणि झाकण उघडायचं नाही. कितीही वास सुटू दे. एकदा उघडलंस की अर्धा तास पाण्यात… कमीवर आठ तास… एवढंच."

दुकानात गिऱ्हाइकाला नंबर वाचून दाखवावा, तशा सुरात ती सांगत होती.

"ते ना? आहेत. खातात, झोपतात… मी? मीपण खाते, झोपते… नाही गं, वाईट वगैरे काही वाटत नाही. तेच तर. काहीच वाटत नाही. पायाला मुंग्या येण्याआधी पाय कसा बधिर असतो, तसं… ते जाऊ दे. मी त्यात राजमा पण घालते, पोटभरीचं होतं. आदल्या दिवशी भिजत टाकायचा, सकाळी पाणी काढून थेट कुकरमध्ये…"

धप्प.

"काही नाही, हे खुर्चीवर हात आपटतायत… थांब हं. अहो, बाथरूमला जायचंय?… नाही. मग पाणी?… पाणीही नको… हां चिमे, कुठे होते? राजमा. थेट कुकरमध्ये… अगं बाई, परत!"

ती वळली. नवरा तिच्याकडे नाही, तिच्या कानाशी लागलेल्या फोनकडे बघत होता. आजारपणापासून ती त्याच्याशी पुष्कळ बोलत असे. हात वर करा. तोंड उघडा. कूस बदला. विचारायचे प्रश्न मात्र दोनच, बाथरूम की पाणी.

"चिमे, फोन ठेवू नकोस… अहो, राजम्याचं काही म्हणताय?… एकदा आपटला! एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी ठरवून दिलंय… राजमा घालायचाच नाही का?… दोनदा. म्हणजे घालायचा. भिजवायचा?… हो. मग चुकतंय कुठे?… थेट कुकरमध्ये नाही?… एकदा! आधी गॅसवर उकळायचा?… हो म्हणतायत गं. किती वेळ?… पाच बोटं… परत पाच. दहा मिनिटं, खळखळून… लिहिलंस? नाहीतर काय होतं हो?… पोटावर हात ठेवला."

एवढं बोलून ती कुकरकडे बघत राहिली. पलीकडून बहीण दोनदा 'ताई, ताई' म्हणाली असावी.

"आहे, आहे मी… गेल्या शनिवारी जेवल्यावर दोन तासांत पोरी उलट्या करायला लागल्या, आठवतंय ना?… हो, यांना मऊ भात आणि मी उपाशीच, म्हणून मी मैदानावरच्या सरबताला शिव्या घातल्या. थोरलीची दुसऱ्या दिवशीची मॅच हुकली… अगं, त्या सकाळी मी राजमा ओतत होते ना, तेव्हाही हे असाच हात आपटत होते… नाही, विचारलं नाही. मला वाटलं, हट्ट करतायत. मी तो हात उचलला आणि शालीखाली खुपसला. वर म्हटलं, जरा गप्प बसा."

तो डावा हात आता पोटावरच होता. तिने डोळ्यांना पदर लावून पाहिला, पदर कोरडाच.

"नाही, रडत नाहीये… येत असतं तर रडले नसते का?… तू येऊ नकोस. उद्या तुझी पोरं कोण नेणार?… नको म्हटलं ना… हो, जेवते. खोटं बोलले मघाशी. जेवते… एक मिनिट थांब… अहो, ऐका. आणखी काही चुकतंय का माझं?"

मग तो हात पोटावरून उचलला गेला.

"एक बोट वर केलंय, चिमे… दुसरं… अगं, तिसरंही… पाचही झाली… मूठ मिटली. संपलं वाटतं… छे! पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं बाई यांनी. ठेवते मी. यांच्यापाशी स्टूल घेऊन बसावं लागणार."