गाणं संपायची वेळ

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, कामकरी नौका वारसा महोत्सव समितीचे सचिव आणि पदाधिकारी, धक्क्यावरचे माझे शेजारीपाजारी, आणि आज ज्याचा सत्कार आहे त्या माझ्या दादाची ही रिकामी खुर्ची, सगळ्यांना माझा नमस्कार.

दादा जरा बाहेर गेलाय. येईलच. नवे बूट घालून आला होता, चावले असतील. तोवर चार शब्द बोलायला मी उठले आहे. मी बाजारात मासळी विकते. गिऱ्हाईक एकदा पाटीसमोर थांबलं की त्याला हलू द्यायचं नाही, हा माझा धंदा. तेव्हा जरा सैल बसा.

सचिवसाहेबांनी मला भाषण लिहून दिलंय. अक्षर मोत्यासारखं आहे. त्यात दादाला ‘लोकसंगीताचा दीपस्तंभ’ म्हटलंय. आता दीपस्तंभ एका जागी उभा असतो, आणि दादाला एका जागी उभं राहून गाताच येत नाही. सगळी अडचण तिथेच झाली ना? म्हणून कागद बाजूला ठेवते, रागावू नका.

पाहुणे लांबून आलेत, त्यांच्यासाठी सांगते. आमचं गाणं म्हणजे नाव ओढायचं गाणं, पाण्यात न्यायला आणि पाण्यातून वर घ्यायला. दोर हातात घ्यायचा, दादाने ओळ टाकायची, दोरावरच्या सगळ्यांनी ती उचलायची आणि उचलता उचलता ओढायचं. त्यात वारसा वगैरे काही नसतो. दोरावर कोण अंग चोरतंय, कोणाचा जावई जेवायला पुढे आणि ओढायला मागे, हेच असतं. माझ्या नवऱ्यावर निदान दहा ओळी आहेत, आणि सगळ्या खऱ्या आहेत. आणि हे गाणं मध्येच सोडता येत नाही. नाव उतारावर असताना सूर सोडला की दोर सुटतो, आणि नाव घसरते ती माणसांच्या पायांवर. आमच्या वडिलांचं पायाचं बोट अशाच एका थांबण्यात गेलं. नाव जागेवर पोचली की गाणं संपतं. त्याला दुसरा शेवट नाही.

हे मी गेल्या वर्षी समितीला सांगितलं होतं. समितीने मान डोलावली आणि आम्हाला सात मिनिटं दिली.

आठवतंय ना? रंगमंचावर प्लायवूडची नाव केली होती, निळी, वर चांदण्या. समुद्रात चांदण्या लावून कोण जातं, विचारू नका. दादाने समितीला विचारलं, ही ओढायची का? समितीने सांगितलं, अगदी खरोखर ओढताय असं वाटलं पाहिजे. झालं. सात मिनिटं झाली, नाव हलेना. नाव हलेना म्हणून गाणं थांबेना. पंधरा मिनिटं झाली. सचिवसाहेब बाजूला उभे राहून दोन्ही हात हलवत होते, दादाला वाटलं जोर चढवतायत. माइक बंद केला. पण लाटांवरून पलीकडच्या होडीला हाक मारणाऱ्या माणसाला माइक कशाला लागतो? गाणं सुरूच. शेवटी खिळे उपटले, मागचा पडदा आला, फळ्या आल्या, आणि ती नाव चांदण्यांसकट पहिल्या रांगेत मान्यवरांच्या मांडीवर उतरली. त्याच क्षणी गाणं थांबलं. वर्तमानपत्राने छापलं की प्रेक्षकांना कलेचा जवळून स्पर्श झाला.

ही चिठ्ठी माझ्यासाठी का? ‘कृपया आटोपते घ्यावे.’ घेते, साहेब, घेते.

त्यावरून समिती शहाणी झाली. यंदा गाण्याचे शब्द बदलून दिले. जावई काढला, आळशी काढला, माझा नवरा काढला, आणि ‘थोर आपुला सागरी वारसा’ असं घातलं. पोरांनी त्यावर दोर ओढून पाहिला. ‘थोर’ला ओढावं तर ‘वारसा’पर्यंत हातात काही उरत नाही. पण ते शब्द उभ्याउभ्या म्हणायला सोपे आहेत, सकाळी शाळेच्या मुलींनी छान म्हटले. त्यांचं कौतुक.

बाहेर कसला आवाज येतोय, असं अध्यक्ष विचारतायत. तालीम असेल, साहेब. महोत्सव आहे. खिडक्या लावायच्यात? लावा की.

तर आज दादाचा सत्कार आणि आमच्या नावेला निरोप, असा एका गुच्छात दुहेरी कार्यक्रम आहे. घरात आम्ही त्या नावेला म्हातारी म्हणतो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. तिने आणलेल्या मासळीवर आम्ही चार भावंडं वाढलो, वहिनीची बाळंतपणं झाली, आणि मागच्या आठवड्यापर्यंत ती रोज पाण्यात जात होती. समितीने ठरवलं की एवढी कामाची नाव आहे तर तिने आता काम करू नये. उद्या सकाळी क्रेन येणार, म्हातारीला धक्क्याजवळच्या मैदानातून उचलून चौकातल्या चौथऱ्यावर बसवणार, आत माती भरणार, फुलझाडं लावणार. बाजूला पाटी, ‘कामकरी नौका’.

समितीची माणसं घरी आली तेव्हा दादा सगळं ऐकत बसला होता. मग सचिवसाहेबांनी सांगितलं की झाडांना घातलेलं पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं पाडावी लागतील. तेव्हा दादा बोलला. म्हणाला, “तळाला?” बस, एवढंच. वहिनी उठून आत गेली. दादा पुढे गप्पच राहिला, आणि समितीने ठरावात लिहून टाकलं की मालकांनी सहर्ष संमती दिली. अहो, माझा दादा हर्षाने गप्प बसलेला मी जन्मात पाहिला नाही. मला त्या दिवशी फार राग आला होता. अजून आहे. जो माणूस उभं आयुष्य नावेत पाणी येऊ नये म्हणून फटी बुजवत बसला, त्याच्याकडे भोकांची परवानगी मागताना जीभ कशी अडखळली नाही तुमची?

मागच्या रांगा उठतायत का? जाऊ द्या, जाऊ द्या, त्यांना कामं असतील. पुढच्यांनी मात्र बसून राहावं, पाहुण्यांचा मान आहे.

आवाज वाढलाय, खरं आहे. माणसं वाढली की आवाज वाढणारच. पहारेकऱ्याला बघायला पाठवता? तो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून तुम्हीच त्याला मैदानाच्या फाटकावरून आत बोलावलंत. शेजारी त्याच्या बायकोची खुर्ची होती, ती मघाशीच रिकामी झाली. चांगली धट्टीकट्टी बाई आहे, दोन गड्यांचं ओढते.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल, तर ताकास तूर लागू न देण्यात अर्थ नाही. आज भरती मोठी आहे, पाणी उतारापर्यंत चढलंय. दादाने बूट दाराशीच काढून ठेवलेत. मला एकच काम सांगितलं होतं, म्हातारी पाण्याला लागेपर्यंत खुर्च्या हलू द्यायच्या नाहीत. बसा, सचिवसाहेब, बसा. अर्ध्या उतारावर दोर ओढणाऱ्यांना कोणी अडवलं तर काय होतं ते मी मघाशी सांगितलंय, माझ्या वडिलांच्या बोटाच्या हिशेबाने सांगितलंय. आणि पाहुणे, हे गाणं ऐकायलाच तर तुम्ही लांबून आलात ना? मग ऐका. ही माझ्या नवऱ्यावरची ओळ. ही पुढची नवी आहे, समितीवरची. लोक कशी उचलतायत बघा.

जरा थांबा.

गाणं थांबलं.

खिडकी उघडा कोणीतरी. काही ऐकू येत नाही ना? वल्ह्याचा आवाज येतोय फक्त. मग झालं.

अध्यक्ष महोदय, आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. पहारेकऱ्याचे विशेष आभार. सकाळी क्रेनवाला आला तर त्याला चहा द्या, फुलझाडं चौथऱ्यावर तशीच लावा, छान दिसतील. हा गुच्छ मी दादाला पोचवते, तो मासळी घेऊन परत आला की.

काही जास्त बोलले असेन तर माफी असावी. कमी बोलले असते तर दादाने मला माफ केलं नसतं.